कुलूपबंद कपाटापासून मुक्तद्वारापर्यंत : ग्रंथालयाच्या वास्तूची वाटचाल

शाळेचा हीरकमहोत्सव म्हणजे साठ वर्षांचा हिशेब मांडण्याचा प्रसंग. किती विद्यार्थी घडले, कोणत्या इमारती उभ्या राहिल्या, कोणत्या गुरुजनांनी आयुष्य वेचले, याच्या नोंदी या स्मरणिकेच्या अन्य पानांवर यथास्थित येतील. प्रस्तुत लेखाचा विषय थोडा निराळा आहे. शाळेच्या जीवनात जिचा उल्लेख नेहमी शेवटी होतो आणि जागेची टंचाई भासू लागली की जिच्यावर पहिली गदा येते, त्या ग्रंथालयाच्या खोलीचा हा इतिहास आहे. खोलीचा म्हणजे शब्दशः तिच्या भिंतींचा, छपराचा, खिडक्यांचा आणि दाराचा. ग्रंथांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. ग्रंथ ज्या वास्तूत राहतात तिच्याविषयी फारच थोडे.

प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य बेंगळूरुच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्रा येथे आहे. या परिसरातील ‘संद्र’ हे अंत्यपद असलेली गावे ‘समुद्र’ म्हणजे तलाव या शब्दावरून नावारूपाला आली. पावसाचे पाणी अडवून साऱ्या गावाला पुरवणारा तलाव ही येथील जुनी सार्वजनिक वास्तू. आज बोम्मसंद्रा ओळखले जाते ते औद्योगिक वसाहतीसाठी. १० ऑगस्ट २०२५ पासून बेंगळूरु मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे ते अखेरचे स्थानक झाले आहे. तलाव काय, मेट्रो काय किंवा ग्रंथालय काय, सर्वांच्या मालकीची वास्तू कशी बांधावी हा प्रश्न एकच. ती जवळ हवी, तिच्यात शिरताना संकोच वाटू नये आणि जे घ्यायला आलो ते हाताला लागावे.

ग्रंथालयाच्या रचनेत गेल्या दोनशे वर्षांत जे जे नवे घडले, ते पाहिले असता एक सूत्र स्पष्ट दिसते. प्रत्येक खऱ्या सुधारणेने तीनपैकी एखादे अंतर कमी केले आहे : गाव आणि दार यांतील अंतर, हात आणि पुस्तक यांतील अंतर, पान आणि प्रकाश यांतील अंतर. ज्या वास्तूंनी यांपैकी काहीच कमी केले नाही, त्या कितीही भव्य असल्या तरी जुन्याच राहिल्या.

राजवाडा, टाऊन हॉल आणि नेटिव्ह लायब्ररी

मराठी माणसाशी निगडित असलेले एक प्राचीन ग्रंथालय महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, तंजावरला आहे. नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयाला खरे वैभव दिले ते सरफोजीराजे भोसले (द्वितीय) यांनी. १७९८ ते १८३२ या त्यांच्या कारकिर्दीत तेथे संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितांची आणि युरोपीय ग्रंथांची भर पडली. मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रहही तेथे आहे. पण हे ग्रंथालय राजवाड्याच्या आवारात होते आणि राजवाड्याचे दार कोणासाठी उघडायचे हे राजा ठरवीत असे. सर्वसामान्यांसाठी ते खुले झाले १९१८ मध्ये. अक्षरांचे धन होते, त्याची निगाही राखली जात होती. परंतु गाव आणि दार यांतील अंतर कापायला सरफोजीराजांच्या पश्चात आठ दशके लोटली.

मुंबईत हे अंतर पायऱ्यांनी मोजता येते. १८३३ मध्ये पूर्ण झालेल्या टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय नांदते. ग्रीक मंदिराच्या धर्तीवरील स्तंभ आणि त्यांच्यासमोरची तीस पायऱ्यांची रुंद चढण यांनी पाहणारा आजही दिपून जातो. ज्ञान उंचावर असते आणि तेथे चढून जावे लागते, असेच ती वास्तू सांगते. चढून जाण्याची मुभा मात्र सर्वांना नव्हती. १८०४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत पहिले भारतीय सभासद म्हणून माणेकजी करसेटजी यांना प्रवेश मिळाला तो १८४० मध्ये.

त्याच काळात महाराष्ट्रातील गावोगावच्या सुशिक्षितांनी आपापल्या बळावर वाचनालये काढली. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ ची, कोल्हापूरची नेटिव्ह लायब्ररी, म्हणजे आजचे करवीर नगर वाचन मंदिर, १८५० ची. पुढे ठाण्याला १८९३ मध्ये आणि मुंबईत १८९८ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालये स्थापन झाली. या संस्थांपाशी पैसा थोडा आणि उत्साह दांडगा. बाजारपेठेजवळची जागा, ओसरी, लांब मेज, वर्तमानपत्रांसाठी तिरके स्टँड आणि आत भिंतीलगत कपाटे, हा आपल्या वाचनालयांचा आराखडा कोणा वास्तुविशारदाने काढलेला नव्हता. तो गरजेतून घडला. त्यातील ओसरी ही मोठी सोय होती. वर्गणीदार नसलेला माणूसही तेथे बसून वर्तमानपत्र वाचू शके. ‘मुक्तद्वार वाचनालय’ हा आपल्या भाषेतील सुंदर शब्दप्रयोग या ओसरीचा वारस आहे.

दार मोकळे झाले तरी कपाट मात्र बंदच राहिले. सभासदाने यादीत नाव शोधावे, चिठ्ठीवर क्रमांक लिहावा आणि कर्मचाऱ्याने किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुस्तक आणून द्यावे, ही पद्धत दीर्घकाळ चालली आणि अनेक ठिकाणी अजून चालते. पुस्तके महाग होती, ती हरवण्याची भीती खरी होती, त्यामुळे तिला दोष देऊन चालणार नाही. परंतु या पद्धतीत वाचकाला हवे ते पुस्तक आधीच ठाऊक असावे लागते. जे ठाऊक नाही ते शोधता शोधता सापडण्याचा आनंद, म्हणजे वाचनाच्या वेडाचे पहिले बीज, कुलपाआड राहतो.

बडोदे : पोलाद आणि काच

या व्यवस्थेला वेगळे वळण दिले ते मराठी संस्थानिकाने. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक आले, तेव्हा बारा वर्षांच्या त्या मुलाला अक्षरओळखही नव्हती असे सांगतात. पुढे सयाजीराव महाराज म्हणून त्यांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शाळेतून बाहेर पडलेले मूल वाचायला काही मिळाले नाही तर पुन्हा निरक्षर होते, हे त्यांच्या ध्यानात आले. अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना १९१० मध्ये बडोद्यास पाचारण केले. महाराजांनी राजवाड्यातील आपला खासगी ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला. सरस्वती महालाला जे साधायला आठ दशके लागली, ते येथे राजाने हयातीतच केले.

बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचे वास्तुशास्त्रीय महत्त्व त्याच्या ग्रंथभांडारात आहे. तेथे पोलादी मांडण्या आणि काचेची तक्तपोशी आहे. आज हे वाचून नवल वाटेल, परंतु त्यामागे अचूक विचार होता. जुन्या दालनांत उंच लाकडी कपाटे असत, वरचे पुस्तक काढण्यासाठी शिडी लागे आणि खालच्या कोपऱ्यांत अंधार असे. कंदील किंवा वायूचा दिवा न्यावा तर आगीचे भय. अमेरिकेत तयार झालेल्या नव्या पद्धतीत पोलादी मांडणीचेच खांब झाले आणि त्यांच्यावर एकावर एक बुटके मजले बसवले गेले. प्रत्येक मजला हात पोहोचेल एवढ्याच उंचीचा असल्याने शिडीची गरज संपली. मजल्याची जमीन जाड काचेची केल्याने वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपू लागला. काच आणि पोलाद दोन्ही न जळणारी. हात आणि पुस्तक, पान आणि प्रकाश, अशी दोन अंतरे एकाच युक्तीने आटोक्यात आली. वॉशिंग्टनच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये १८९७ साली ज्या तंत्राची प्रशंसा झाली, ते बडोद्याच्या मांडवी परिसरात नांदू लागले.

तिसऱ्या अंतराची सोडवणूक मात्र कोणत्याही इमारतीने होण्यासारखी नव्हती. खेड्यातील शेतकरी बडोद्याला येणार नाही, हे ओळखून बॉर्डन यांनी पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव पाठवण्याची योजना सुरू केली. वाचून झाले की पेटी परत येई आणि दुसरी जाई. जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी ग्रंथपालाने पुढे ही चळवळ सांभाळली आणि तिचा इतिहासही लिहिला. लहान मुलांसाठी व स्त्रियांसाठी वेगळे विभाग ठेवणे हेही त्या काळी धाडसच होते. दोन कड्या आणि झाकण असलेली ती पेटी हीही ग्रंथालयाची वास्तूच म्हणावी लागेल. आकाराने सर्वांत लहान, पण पल्ला सर्वांत मोठा.

बेंगळूरु : उद्यानातील लाल इमारत आणि एक गणितज्ञ

बडोद्यात हे घडत असताना म्हैसूर संस्थानची सूत्रे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या हाती होती. त्यांचे नाव मराठी वाचकाला परके नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियंता झालेल्या या तरुणाने मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक, धुळे, पुणे या भागांत उमेदीची वर्षे घालवली. खडकवासल्याच्या धरणावरील त्यांचे स्वयंचलित दरवाजे प्रसिद्ध आहेत. १९१२ ते १९१८ या त्यांच्या दिवाणगिरीत बेंगळूरुच्या कब्बन उद्यानात माजी दिवाण सर शेषाद्री अय्यर यांचे स्मारक उभे राहिले आणि १९१५ च्या सुमारास त्यात सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले.

लाल भिंती, पांढऱ्या कडा, उतरते छप्पर आणि दर्शनी स्तंभ असलेली ही इमारत शैलीच्या दृष्टीने युरोपीय वळणाचीच आहे. तिचे नावीन्य दडले आहे ते जागेच्या निवडीत. ज्या उद्यानात माणसे फिरायला, मुलांना खेळवायला, सावलीत विसावायला येत, त्याच उद्यानात ग्रंथालय ठेवले गेले. ग्रंथालयात जाण्यासाठी वेगळा संकल्प करावा लागत नाही. फिरता फिरता पाय तिकडे वळतात. पुतळा उभारून स्मारक पुरे झाले असे न मानता त्याला वाचनाची जोड देणारी ती दृष्टी आपल्या आजच्या स्मारकप्रेमी काळात पुन्हा आठवावी अशी आहे.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी आयुष्याची अखेरची वर्षे याच बेंगळूरुमध्ये व्यतीत केली. मूळचे गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी आपली पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. १९६२ मध्ये बेंगळूरु येथे त्यांनी प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना केली, १९६५ मध्ये त्यांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून गौरवण्यात आले आणि १९७२ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले.

रंगनाथनांच्या सूत्रांकडे आपण ग्रंथपालांचे नियम म्हणून पाहतो. वस्तुतः ती वास्तुरचनेचीही सूत्रे आहेत. पुस्तके जपण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहेत, हे पहिले सूत्र मान्य केले की ग्रंथालय गावाबाहेर नेता येत नाही, ते कार्यालयीन वेळेत बंद ठेवता येत नाही आणि मांडणी हाताच्या पल्ल्यापलीकडे उंच करता येत नाही. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळायचा असेल तर कपाटाचे दार काढून टाकावे लागते. मद्रासमध्ये त्यांनी मुक्त प्रवेशाची पद्धत रुजवली ती याच विचाराने. वाचकाचा वेळ वाचवायचा तर खोल्यांचा क्रम सरळ हवा. आणि ग्रंथालय हा वाढणारा जीव आहे हे पाचवे सूत्र मानले, तर आज भरलेली खोली उद्या कोठे वाढेल याची तरतूद पहिल्या दिवशीच करावी लागते. अमेरिकेतील सिॲटल शहराच्या २००४ मधील मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांसाठी मजल्यामागून मजला चढत जाणारा अखंड उतार केला आहे. एका विषयाची पुस्तके वाढली तरी पुढच्या विषयाला किंचित सरकवता येते, क्रम तुटत नाही. रंगनाथनांच्या पाचव्या सूत्राचे ते जणू बांधलेले रूपच आहे.

कायद्यानेही अंतरे कमी होतात. आधुनिक भारतातील पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानात झाला, ही मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट. कर्नाटकाचा कायदा १९६५ चा, महाराष्ट्राचा १९६७ चा. दोहोंतील भेद लक्षणीय आहे. कर्नाटकात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे आणि शासनच ग्रंथालये चालवते. महाराष्ट्रात उपकर नाही, लोकांनी काढलेल्या वाचनालयांना शासन अनुदान देते. एका पद्धतीत निधीची शाश्वती, दुसरीत लोकांचा जिव्हाळा. दोन्ही राज्यांच्या सीमेवर वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना दोहोंचे गुण एकत्र यावेत असे वाटणे साहजिक आहे.

खिडकीपाशी बसलेला वाचक

प्रकाशाच्या अंतराविषयी थोडे अधिक सांगायला हवे. पॅरिसमध्ये १८५१ साली उघडलेल्या सेंट जेनेव्हिव्ह ग्रंथालयात आंरी लाब्रूस्त यांनी सडपातळ लोखंडी खांबांवर विस्तीर्ण वाचनदालन उभे केले आणि गॅसच्या दिव्यांची सोय केली. दिवस मावळल्यावरही विद्यार्थ्यांना वाचता येऊ लागले.

त्यानंतर शतकभराने लुई कान यांनी हाच प्रश्न एका शाळेसाठी सोडवला. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेमुळे हे नाव आपल्याला परिचित आहे. तेथील ग्रंथालयाचे जतनकाम मुंबईच्या वास्तुविशारद ब्रिंदा सोमय्या यांनी केले आणि त्याला २०१९ मध्ये युनेस्कोचा सन्मान लाभला. कान यांनी अमेरिकेतील फिलिप्स एक्झिटर या शाळेचे ग्रंथालय १९७१ मध्ये पूर्ण केले. मध्यभागी उंच मोकळा चौक, त्याच्या भिंतींना प्रचंड वर्तुळाकार झरोके, त्यांतून सर्व मजल्यांवरील पुस्तके एका दृष्टिक्षेपात दिसतात. पुस्तके आतल्या कड्यात, सावलीत. विद्यार्थ्यांच्या बैठका बाहेरच्या कड्यात, खिडकीला लागून. प्रत्येक मेजाला स्वतःची छोटी लाकडी झडप. पुस्तक उन्हाने खराब होते आणि वाचकाला तर उजेड हवा असतो. मूल अंधारातून पुस्तक उचलते आणि उजेडात येऊन बसते, या साध्या कृतीभोवती सगळी इमारत बांधली आहे. शालेय ग्रंथालयासाठी इतका विचार करावा, हाच त्यातला मोठा धडा.

कोपरगावची टेकडी

हे सारे परदेशी श्रीमंतीचे चोचले आहेत, अशी शंका कोणी काढील. तिचे उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातील कोपरगाव येथे आहे. तेथील शारदा शाळेच्या आवारात २०१८ मध्ये माया सोमैया ग्रंथालय पूर्ण झाले. मुंबईचे वास्तुविशारद समीप पडोरा यांच्या कार्यालयाने त्याची रचना केली. शाळेच्या जुन्या इमारती आणि आवाराची भिंत यांच्यामधली चिंचोळी पट्टी त्यासाठी निवडण्यात आली. येता जाता मुलांच्या पायाखालीच ग्रंथालय यावे, हा हेतू.

या ग्रंथालयाला रूढ अर्थाने भिंतीही नाहीत आणि छप्परही नाही. जमिनीतूनच विटांची लाट उसळावी तसे घुमटाकार कवच वर येते आणि पलीकडे पुन्हा जमिनीला टेकते. खाली ग्रंथालय आणि वर मुलांना चढायला टेकडी. मधल्या सुट्टीत मुले छपरावर धावतात आणि धावता धावता खाली उतरून पुस्तकांत शिरतात. आत उंच खुर्च्यांऐवजी जमिनीलगतच्या बैठका आहेत. मूल मांडी घालून बसू शकते.

हे कवच उभे कसे राहते, हे समजून घेण्यासारखे आहे. दोन हातांत साखळीची टोके धरून ती सैल सोडावी. ती खाली झुकून एक सुबक वक्र तयार होतो. त्या वक्रात साखळीला केवळ ताण सोसावा लागतो. तोच वक्र उलटा केला की त्यात केवळ दाब उरतो. वीट ताण सोसत नाही, पण दाब उत्तम सोसते. म्हणून योग्य वक्र सापडला की पातळ विटांचे थरही मोठे अंतर पार करू शकतात. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील गवंडी शतकानुशतके लादीसारख्या पातळ विटा आडव्या ठेवून, थरांवर थर चढवून अशा कमानी बांधत आले. भरभक्कम लाकडी साच्याची गरज त्यात फारशी पडत नाही. राफाएल ग्वास्ताविनो हा स्पॅनिश स्थापती १८८१ मध्ये हे कसब घेऊन अमेरिकेत गेला आणि त्याच्या कमानी कोठे झळकल्या, तर १८९५ मध्ये उघडलेल्या बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात. पुढे उरुग्वे देशात एलादिओ दिएस्ते या अभियंत्याने विटांच्या लाटांसारखी छपरे उभारली. या परंपरेला कोपरगावात संगणकाची जोड मिळाली. दाब कोणत्या वाटेने जमिनीत उतरेल हे दाखवणारी, झुरिकच्या संशोधकांनी विकसित केलेली संगणकप्रणाली वापरून कवचाचा आकार ठरवण्यात आला आणि विटेवर वीट ठेवून तो प्रत्यक्षात आणला गेला.

बार्सिलोना, बॉस्टन, उरुग्वे, झुरिक आणि कोपरगाव. इतक्या लांबून आलेले ज्ञान अखेर ग्रामीण भागातील मुलांच्या पायाखाली टेकडी होऊन विसावले. त्यातील साहित्य मुख्यतः वीट, जी आपल्या कोणत्याही गावात भाजली जाते. विचार मात्र विकत मिळत नाही. तो करावाच लागतो.

इमारतीविना आणि इमारतीसह

महाराष्ट्राने याच सुमारास आणखी एक प्रयोग केला, तो इमारत न बांधण्याचा. पाचगणीजवळच्या भिलार गावात ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झाले. ब्रिटनमधील हे ऑन वाय हे पुस्तकांच्या दुकानांचे गाव या कल्पनेमागे होते. पण भिलारमध्ये पुस्तके विकण्यासाठी नाहीत, वाचण्यासाठी आहेत. आरंभी पंचवीस ठिकाणी, गावकऱ्यांच्या घरांत आणि देवळासारख्या सार्वजनिक जागांत मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेवण्यात आली. कोणाच्या ओसरीवर कथा, कोणाच्या माडीवर इतिहास. नेटिव्ह लायब्ररीची ओसरी पावणेदोनशे वर्षांनी अशी गावभर पसरली. कर्नाटकातही ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांना ‘अरिवु केंद्र’ असे नाव देऊन ती मुलांसाठी खुली व आकर्षक करण्याचे काम गेल्या काही वर्षांत झाले आहे. ‘अरिवु’ म्हणजे ज्ञान, जाण.

याच्या दुसऱ्या टोकाला फिनलंडचे उदाहरण आहे. १९१७ मध्ये स्वतंत्र झालेल्या त्या छोट्या देशाने आपल्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त नागरिकांना काय भेट दिली, तर ग्रंथालय. ‘ओडी’ नावाचे हे ग्रंथालय ५ डिसेंबर २०१८ रोजी राजधानी हेलसिंकीत संसदभवनासमोर उघडले. तळमजला सर्वांसाठी चावडीसारखा. मधल्या मजल्यावर शिवणयंत्रांपासून त्रिमितीय छपाईपर्यंतची साधने. आणि सर्वांत वर, काचेच्या भिंतींमागे उजेडाने भरलेल्या दालनात, पुस्तके. राष्ट्राच्या महोत्सवाचे स्मारक म्हणून एवढी उपयोगी वास्तू क्वचितच कोठे उभी राहिली असेल.

महोत्सवानंतरची खोली

बोम्मसंद्र्यातील औद्योगिक वसाहतीत देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे पोटासाठी आली आहेत. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मराठी मुलाला घरात बोली ऐकू येते, पण छापील मराठी अक्षर दिवसचे दिवस दृष्टीस पडत नाही. मेट्रोने आता कब्बन उद्यानापर्यंत पोहोचता येते, तरीही मुलाच्या दृष्टीने ते अंतर अर्ध्या दिवसाचे. भाषा मरते ती विरोधाने नव्हे. ती अंतराने मरते. पुस्तक हाताला लागले नाही की हात दुसरीकडे वळतो, आणि त्यात मुलाचा काही अपराध नसतो. जे परप्रांतातील मराठी घरांत आज घडते आहे, ते महाराष्ट्रातील घरांतही उद्या घडू शकते. मराठी माध्यमाच्या शाळेचे ग्रंथालय म्हणूनच केवळ एक सोय राहत नाही. ते त्या भाषेच्या पुढच्या पिढीचे घर ठरते.

हीरकमहोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी आणि पालक शाळेला काही देऊ इच्छित असतील, तर निधी मोजण्याआधी तीन अंतरे मोजावीत, अशी नम्र सूचना कराविशी वाटते. वर्गापासून ग्रंथालयाच्या दारापर्यंत किती पावले आहेत, आणि ते दार मधल्या सुट्टीत व शाळा सुटल्यावर उघडे असते का? पाचवीतल्या मुलाचा हात कोणत्या फळीपर्यंत पोहोचतो, आणि त्या फळीवर त्याच्यासाठी काय ठेवले आहे? खिडकीपासून वाचनाच्या मेजापर्यंत किती हात अंतर आहे, की खिडकीसमोरच कपाट उभे आहे? यांपैकी कशालाही लाखांची देणगी लागत नाही. कपाट खिडकीपासून हलवणे, वरची दोन फळी बालपुस्तके खाली आणणे, काचेच्या दाराचे कुलूप काढणे, आठवड्यातून एक संध्याकाळ पालकांनी पाळीने बसणे, एवढ्याने आरंभ होतो. काही पुस्तके फाटतील, काही हरवतील. वापरलेल्या पुस्तकाचे फाटणे हा ग्रंथालयाच्या जिवंतपणाचा खर्च आहे, तोटा नव्हे.

कवळाण्याच्या निरक्षर मुलाने राजा झाल्यावर राजवाड्यातली पुस्तके गावाला देऊन टाकली आणि काचेच्या जमिनीतून उजेड खाली उतरवला. आपल्या हाती संस्थान नाही. एक खोली आहे. शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत कोणी या खोलीविषयी लिहायला बसेल, तेव्हा त्याला तिचे कुलूप कोठे गेले हे कोणाला आठवू नये.